अनुक्रमांक सहाशे तेरा

आई मध्यस्थीची प्रार्थना करायची तेव्हा
मी मान आणखी खाली घालायचे,
भक्तीने नव्हे, लाजेने.
इतर मंडळी म्हणत, अधिकारावरच्या सर्वांना सुबुद्धी दे,
आणि लगेच आजाऱ्यांकडे वळत.
आई तिथेच थांबायची:
प्रभू, भालेकर इंजिनियरला आठवण दे
की घोरपडे पेठेच्या टोकाला चेंबरवर झाकण नाही.
दानिएलचा नातू परवा त्यात गेला, गुडघ्यापर्यंत.
तुझी कृपा, की गुडघ्यापर्यंतच.

ओहोळ गुरुजींनी एकदा तिला पायरीवर गाठलं.
सुवार्ताबाई, मंदिरात राजकारण नको.
आई म्हणाली, गुरुजी, झाकण राजकारण असेल
तर गुडघा काय आहे?

सोमवारी तीच प्रार्थना ती फुलस्केपवर उतरवायची.
'स्वर्गीय पित्या'च्या जागी 'मा. सहायक आयुक्त',
'आमेन'च्या जागी 'आपली विश्वासू'.
पोच घ्यायची, शिक्का बघायची,
आणि पोच शास्त्राच्या कव्हरात ठेवायची.
कव्हर फुगत गेलं.
झाकण बसलं दीड वर्षाने.
कुणाच्या ऐकण्याने, ते तिने कधी सांगितलं नाही.

मतदानाच्या गुरुवारी सकाळी सातला
ती इस्त्रीची पांढरी साडी नेसून मिशन शाळेत हजर.
सातवी ब. फळ्यावर आदल्या दिवशीचा लसावि.
कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा.
ती मला नेहमी सांगायची,
दार लावून मागावं, असं सांगितलंय आपल्याला,
आणि सरकारनेसुद्धा बघ, दार दिलंय.
पुठ्ठ्याचं का असेना.

यादीवर बसलेल्या मुलीने बोट फिरवलं, वर, खाली, पुन्हा वर.
रणपिसे. रणदिवे.
सहाशे तेरा, रणभिसे अनुग्रह शमुवेल.
सुवार्ता अनुग्रह नाहीये, आजी.
हे आलेत का?

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

आई म्हणाली,
येणार आहेत. पण आज नाही.

मुलगी हसली नाही. आईही नाही.
मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, पटपट.

आई बाहेर बाकावर बसून राहिली, दुपारपर्यंत.
डोळे उघडे होते, पण ओठ हलत होते.
मी विचारलं, काय मागतेस?
म्हणाली, रागावतेय. तेही त्यालाच सांगायचं असतं.

रविवारी प्रभुभोजन होतं.
कठड्यापाशी गुडघे टेकलेल्यांचे हात पुढे आले,
एकेका डाव्या तर्जनीवर काळीनिळी रेघ:
ओहोळ गुरुजींची, दानिएलची, माझी.
कुणी कुणाला दिलं, कोण जाणे.
शेजारी बसलेले दोघे बहुतेक एकमेकांविरुद्धच.
भाकर मात्र एकाच ताटातली.
आईचं बोट कोरं.
ते तिने पदरात लपवलं.
मी तिला इतकं लाजलेलं कधीच पाहिलं नव्हतं,
चेंबरसाठी प्रार्थना करतानाही नाही.
आणि तरी मध्यस्थीच्या वेळी उभी राहिलीच.
जो निवडून येईल त्याच्यासाठी मागितलं, नाव न घेता,
आणि यादीवरच्या त्या मुलीसाठी,
की तिला उन्हात बसावं लागलं.

सोमवारी आम्ही नोंदणीच्या कार्यालयात गेलो.
नमुना सहा तिने सरळ भरला.
जन्मतारीख, पत्ता, फोटो.
मग म्हणाली, सातही द्या.
मी म्हटलं, असू दे ना ते नाव, काय बिघडतंय?
म्हणाली, त्यांच्या नावावर उद्या कुणी भलताच येऊन उभा राहील.
नातं: पत्नी.
वगळण्याचं कारण, इथे तिने लिहिलं: प्रभूत निजले.
कारकून म्हणाला, मावशी, असं चालत नाही.
मृत, स्थलांतरित, दुबार. यांतलं एक.
दुसरा फॉर्म दिला बिचाऱ्याने.

स्थलांतरित या शब्दावर
तिचं पेन बराच वेळ थांबलं.
पंखा फिरत होता. मागे कुणीतरी खोकलं.
मग तिने मृतवर खूण केली,
सही केली, पोच मागितली,
कव्हरात जागा करून ठेवली.

जिन्यात कठडा धरून जरा टेकली.
मला वाटलं, आता रडेल.
म्हणाली, आलोच आहोत तर
वरच्या मजल्यावर पाणीपुरवठा आहे ना?
भालेकरची बदली झाली म्हणतात.
नवीन साहेबाचं नाव विचारून घेऊ.